कॅप्टनची झोप

माही बायको साधना गाईडची कॅप्टन हाये. क्रिकेटची नाई बाप्पा, शाळेतली. पोट्ट्याईले निळे ड्रेस घालून गाठी माराले, तंबू ठोकाले, मोडलेला हात बांधाले शिकवते, ते. माहं आर्णीले मोटरसायकल रिपेरिंगचं दुकान हाये. दुनियेच्या गाड्या मी चालू करून देतो, पण तिची मोपेड काई आठवडाभर धड चालत नाई. म्हणून तिच्या शाळेत, तिच्या मीटिंगले, तिच्या परीक्षेले सोडाले मीच. लोकं मले "कॅप्टनचा ड्रायव्हर" म्हणतात. म्हणू द्या.

ज्या सालची गोष्ट सांगून राह्यलो, ते कापसाचे वाईट साल होते, दोन हजार सहा-सातच्या आसपासचे. कुठून कुठून टीव्हीवाले येत, गाड्या लावत, लोकाईले रडाले लावत अन् चालले जात. माहा धंदा बसलेला. अन् साधनाच्या मागं तं तेव्हाच सगळं लागलं. दिवसभर शाळा, शाळेनंतर कोणती ना कोणती सरकारी मोजणी, अन् घरी माही माय. मायले कधीचाच लकवा मारलता. रात्री घडीघडीले हाक मारे, अन् मारे ते साधनालेच. मी उठून गेलो तं म्हणे, "तू कायले आला रे संघदीप? तिले पाठव." कित्येक वर्षं साधनानं सलग झोप पाह्यली नाई. भाजी चिरता चिरता तिचा डोळा लागे. मले वाईट वाटे, पण वाईट वाटून कोणाची झोप होते काय?

त्या साली तिच्या पथकात दिपाली नावाची दहावीतली पोट्टी होती. बोलाले कमी, पण कामाले वाघ. राज्याच्या पुरस्काराची तिची समदी तयारी झालती, फक्त एक मुक्काम राह्यलता. पुरस्कार भेटला तं दहावीले वाढीव मार्क, अन् तेवढे मार्क भेटले तं यवतमाळच्या होस्टेलात जागा. नाई भेटली तं दारव्ह्याकडचे पाहुणे तिले पाहून गेलेच होते. बाप सुरतले कामाले गेलेला. तिची माय इंदुताई साफ बोलली, "मॅडम, होस्टेल भेटलं तं शिकवतो. नाई तं मी एकटी बाई, वयात आलेली पोट्टी किती दिवस सांभाळू?"

नियमाच्या पुस्तकात मुक्कामाबद्दल एकच ओळ होती. "पथकासह, कॅप्टनच्या देखरेखीखाली, निसर्गात मुक्काम करावा." बस. आता निसर्ग म्हणजे काय, ते कोणी सांगावं? तंबू पाहिजेच काय? शाळेचा एक तंबू उंदराईनं खाल्लता, दुसऱ्याले बांबूच नव्हते. साधनानं ऑफिसात फोन लावला तं एक साहेब म्हणे तंबू लागतोच, दुसरे म्हणे तंबूचं कुठं लिहिलं आहे? तिसरे म्हणे, "मॅडम, तुम्ही समजून घ्या." काय समजून घ्या? डोस्कं? मी म्हटलं, "अवं, लिहून टाक ना, झाला मुक्काम म्हणून. कोण पाहाले येते?" तिनं माह्याकडं असं पाह्यलं, की मी मुकाट पाना उचलला अन् कामाले लागलो.

दुसरी पंचाईत कापूस वेचणीची. शिबिर दिवाळीनंतर, अन् वेचणीही दिवाळीनंतर. त्या दिवसाईत कोणती माय पोट्टीले शिबिराले पाठवन? तरी आम्ही दोघं गाडीवर घरोघरी हिंडलो. ज्या घरी जाव तिथं चहा भेटे अन् नकार भेटे. शेवटी इंदुताईकडं गेलो. इंदुताई म्हणे, "मॅडम, मले समजते हो. पण पोट्टी शिबिराले गेली तं जागलीले कोण जाईन?"

जागल म्हणजे पीक राखणं. रातभर वावरात मचाणावर बसाचं, रानडुकरं अन् रोही, म्हणजे नीलगाई, आले की पत्र्याचा डबा बडवाचा, बोंबलाचं, हाकलाचं. एक रात चुकली तं रोह्याईचा कळप तुरीचे शेंडे खाऊन साफ करते.

साधनानं चहाचा कप खाली ठेवला. "ताई, दिपाली रोज जाते जागलीले?"

"मंग? मी दिवसभर वेचू अन् रातभर जागू काय?"

"म्हणजे रातभर उघड्यावर. शेकोटी पेटवून. रात वाटून घेऊन."

"तसंच असते ते."

"मंग हाच आपला मुक्काम," साधना म्हणे. "सगळ्या पोरी तुमच्या वावरात येतीन. मी पण येतो. तुमची जागल होईन अन् आमचं शिबिर होईन."

इंदुताईले पयले हसूच आलं. पण जमलं बाप्पा! पोट्ट्या सकाळून आपापल्या घरी वेचाले हजर राहणार म्हटल्यावर कोणाच्या मायनं नाई म्हटलं नाई. शनिवारी संध्याकाळी मी साधनाले वावरात सोडलं. पोट्ट्याईनं झेंडा लावलता, तीन दगडाच्या चुलीवर खिचडी शिजून राह्यलती, दिपाली सगळ्याईले पाळ्या वाटून देत होती. घरी मायची पाळी माही.

सकाळी घ्याले गेलो तं मी साधनाकडं पाहतच राह्यलो. डोळ्याखालचं काळं कमी झालतं, गालावर घडी केलेल्या चादरीचा वण होता. म्हटलं, "काहून वं, झोपली वाटते चांगली?" तं लाजली. लग्नानंतर इतक्या वर्षांनी बायको लाजलेली पाहून मले लय बरं वाटलं. खोटं कायले सांगू?

मंग आली पुरस्काराची परीक्षा, यवतमाळले. दिपालीले मधात बसवून तिघं एकाच गाडीवर गेलो. परीक्षक बाई वयस्कर होत्या, चष्मा नाकावर, आवाज मऊ. मी दाराशीच उभा. गाठी पाह्यल्या, बँडेज पाह्यलं, सगळं पास. मुक्कामाशी आल्यावर बाई थांबल्या.

"हे शिबिर शेतात झालं? राखणीला?"

"हो," साधना म्हणे.

"मग ही कामाची रात्र झाली, मॅडम. शिबिर आनंदासाठी असतं."

"बाई, आमच्या पोरींची बिनकामाची रात्र मी कुठून आणू?" साधना बोलली. रागानं नाई, थकलेल्या आवाजात. "नियमात निसर्ग लिहिलं आहे. आमच्याकडं निसर्ग म्हणजे वावरच आहे. सहलीला जायला पोरींकडं वेळ नाही, वावरात जायला आहे. पथक होतं, मी होते, स्वयंपाक त्यांनी केला. अजून काय पाहिजे?"

बाईनं नियमाची ते ओळ पुन्हा वाचली. मंग हसल्या. "बरोबर आहे तुमचं. मान्य करते." पेन उघडला. मी मनातल्या मनात होस्टेलची पायरी चढलो. तेवढ्यात बाईनं सहज, अगदी मायेनं दिपालीले विचारलं, "काय गं, सगळ्यात जास्त काय आवडलं तुला त्या रात्री?"

अन् ते पोट्टी, जे कधी धड दोन वाक्यं बोलत नाई, ते तोंड भरून बोलली. "आमच्या मॅडम झोपल्या, बाई! जेवल्याबरोबर झोपल्या, ते उजाडल्यावरच उठल्या. आम्ही त्यांना उठवलंच नाही. जागलीत दमलेल्या माणसाले उठवत नाई."

बाईचा पेन हवेतच राह्यला. "म्हणजे देखरेखीला कोणी नव्हतं?"

मी दारातून साधनाले खुणावत होतो. म्हण ना, पोट्टीले समजलं नाई म्हणून! म्हण, पडल्या पडल्या जागी होतो म्हणून! साधनानं माह्याकडं पाह्यलं, दिपालीकडं पाह्यलं. दिपाली अजून हसतच होती, बिचारीले काईच समजलं नव्हतं.

"हो," साधना म्हणे. "झोपले होते मी."

झालं. मुक्काम बाद, पुरस्कार बाद. बाईलेही वाईट वाटलं, पण नियमात देखरेख लिहिलीच होती, त्याचा दुसरा अर्थ निघत नव्हता. परत येताना दिपाली मधात बसून पूर्ण रस्ता रडली. साधना तिले एकच सांगे, "तुझ्यामुळं नाही गं, माझ्यामुळं."

घरी आल्यावर मी भडकलो. "एक खोटं बोलली असती तं आभाळ कोसळलं असतं काय? पोट्टीचं लग्न लावून देतीन आता!"

"मी खोटं बोलली असती तं तिच्यासमोर तिलेच खोटी पाडलं असतं ना," ते म्हणे. "अन् आता मी हे कॅप्टनपण सोडून राह्यली. माह्यानं होत नाई." मायनं हाक मारली, तशी ते उठून गेली.

दहावीचा निकाल लागला. होस्टेलच्या यादीत दिपालीचं नाव नव्हतं. आता इंदुताई आपल्या दुकानावर येऊन आपला उद्धार करणार, हे मी धरूनच चाललो होतो. अन् आलीच एक दिवस. पण संगं एक जुनाट सायकल घेऊन.

"हे नीट करून द्या भाऊ. पोट्टी आर्णीले कॉलेजात येईन यावर."

"अन् ते पाहुणे?"

"बारावीपर्यंत थांबा म्हटलं त्याईले. थांबतीन तं थांबतीन. आर्णीत मॅडम हायेत, तं मले पोट्टीचा घोर नाई." मंग आवाज खाली करून म्हणे, "मॅडमले सांगू नका, पण त्या रात्री रोही आलते. मोठा कळप. मी सकाळी वावरात गेलो तं तुरीच्या कितीतरी ओळी साफ. दिपालीले म्हटलं, अवं, इतक्या जणी होत्या तुम्ही, डबा काहून नाई वाजवला? तं म्हणे, मॅडम उठल्या असत्या ना. नुसते ढेकलं मारून हाकलत राह्यल्या रातभर, तोंडातून आवाज न काढता."

"अन् तुम्ही काई बोलल्या नाई?"

"पयले लय राग आला. मंग म्हटलं, जाऊ दे. बाई झोपली तं होती."

सायकल मी नीट केली, पण गोष्ट पोटात ठेवणं जमलं नाई. रात्री जेवताना साधनाले सांगून टाकली. तिच्या हातातला घास हातातच राह्यला. लय रडली. मीही रडलो, लपवून कायले ठेवू? मंग तिनं डोळे पुसले, ताट सरकवलं अन् थकल्या आवाजात म्हणे, "आता पुढच्या साली बी मलेच कॅप्टन राहावं लागन."