पडलेल्या सिनेमांचा वकील

डोक्यावरची टोपी काढून त्याने मांडीवर ठेवली, की समजायचं, आता सिनेमा सुरू. मुंबईच्या गिरणीत कामाला असलेला हा गृहस्थ दर शिमग्याला आंबेनळी घाटाखालच्या आपल्या वाडीवर यायचा. पोलादपुरात मोटारीतून उतरला की आधी माझ्या शिवणकामाच्या दुकानात बसायचा. घर नंतर.

त्याचा देव एकच, मूकपटातला एक नट. असे भक्त तुमच्याही ओळखीत असतील, पण याची भक्ती जरा तिरपागडी. त्या नटाचे जे सिनेमे अख्ख्या मुंबईने डोक्यावर घेतले, त्यांच्याबद्दल हा चकार शब्द काढत नसे. आठवड्यात गाशा गुंडाळलेले तेवढे याचे.

"शिंपीदादा, गाजलेल्यात तो नुसता घोड्यावर बसतो. पडलेल्यात काम करतो. आनि बसाया जागा पन मिळते."

"मग लोक काय मूर्ख आहेत?" मी चिडवायचो.

"मूर्ख नाय. घाईत हायेत."

एका पडलेल्या सिनेमात तो नट नावाडी झाला होता. आईचा निरोप घेताना म्हणे त्याची आपल्याकडे पाठ असते. "पाठीनं रडतो ओ तो," असं म्हणून हा माझ्याकडे पाठ करून उभा राहायचा. याच्या पाठीला काही ते जमत नसे. खांदे गदागदा हलायचे आणि गिऱ्हाइकं हसून बेजार व्हायची.

ही गोष्ट वाडीला तोंडपाठ होती. शेवटी नावाडी पुरात उडी घेतो, पोहत पलीकडे जातो आणि आईला भेटतो. याची म्हातारी आत्या ती पुन्हा पुन्हा सांगायला लावायची. तिचा एकुलता एक मुलगा बोटीवर कामाला गेला, त्याचा पुढे पत्ताच नव्हता.

एका शिमग्यात महाडला तंबूतला सिनेमा आला, आणि नेमका तोच. वाडीने बैलगाड्या जुंपल्या. हा मात्र पांढराफटक होऊन माझ्याकडे आला.

"शिंपीदादा, घात झाला. पिच्चरमधी तो बुडतो."

"मग तो पोहून गेला, असं सांगतोस ते?"

"आत्येसमोर कसा बुडवू? मीच काढला त्याला भायेर."

आत्याला घरी ठेव म्हणावं, तर ती सगळ्यांच्या आधी गाडीत बसलेली.

त्या वेळी पडद्याशेजारी एक माणूस छडी घेऊन उभा असे आणि पडद्यावरची अक्षरं लोकांना समजावून सांगे. आम्ही दोघे पुढे गेलो. याने तंबूवाल्याला गाठून सगळा सिनेमा म्हणून दाखवला, पाठीसकट. तंबूवाला पोट धरधरून हसला आणि आजच्या खेळाची छडी त्याने याच्याच हातात दिली.

खेळ रंगला. नावाडी पाठमोरा झाला, तेव्हा याने छडी खाली घेतली. खांदे हलले नाहीत, पण खरंच रडत होती हो ती पाठ. मग उडी, आणि नुसतं पाणी. अक्षरं उमटली.

"पानी दिसतंय ना?" याने पडद्यावर छडी आपटली. "तो खालून पोहतोय. पलीकडं घर हाय त्याचं. गेला, पोहून गेला."

पुढे बसलेले एक कारकून, अक्षरं वाचलेले, उठून काही बोलणार होते. मी मागून त्यांचा कोट धरून त्यांना खाली बसवलं. कोट माझ्याच हातचा, शिवण टिकणार हे ठाऊक होतं.

आत्याने डोळ्यांना पदर लावला. "दमला असंल रं," एवढंच म्हणाली. मला हा माणूस त्या दिवशी फार आवडला.

पुढे बोलपट आले. "आता ते सोताच बोलतात, आपल्याला जागा नाय," अशी याची कुरकुर असायची. तरी पडलेले बोलपट काही त्याने सोडले नाहीत.

मग एका शिमग्याला तो मोटारीतून उतरला नाही. मुंबईत तापाने गेला. मी वाडीवर भेटायला गेलो. आत्या चुलीपाशी होती.

"काय बोलू नका, शिंपीदादा," तीच म्हणाली. "पलीकडं गेला तो. पोहून."

आणि माझ्याकडे पाठ करून ती तव्यावरची भाकरी बघत बसली. खांदे जराही हलत नव्हते.