आधी बाजू, मग गुडघा

आमच्या जर्मन साहेबानं स्वतःची सगळी हकिकत आम्हाला एका दमात सांगितली होती: "पहले बाजू, फिर घुटना, फिर मास्टर, फिर जालना." यापुढं त्याचं हिंदुस्तानी जात नसे, आणि जर्मन तर आमच्या बापजाद्यांनाही येत नव्हतं.

तो जालन्याच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसवर मिस्त्री म्हणून आला होता. मी तिथंच कापूस टाकायच्या कामाला होतो. संध्याकाळी भोंगा झाला की सरकीच्या ढिगांमागच्या मोकळ्या जागेत तो आम्हाला फुटबॉल शिकवायचा. आमचा गोलकीपर मस्तगडचा टांगेवाला. शाळेचं तोंड त्यानं पाहिलं नव्हतं, पण जगाची खबर त्याला सगळ्यांच्या आधी असायची. त्या 'बाजू'वरून त्याचं आणि माझं जुंपलं. साहेब हिंदुस्तानी शिकला तो जिनातल्या गड्यांकडून, आणि गडी मराठी. मी म्हणालो, तो मैदानाच्या कडेच्या बाजूला खेळायचा, म्हणजे माझ्यासारखाच लेफ्ट आऊट. टांगेवाल्याच्या घरी उर्दू, तिथं बाजू म्हणजे दंड. त्याचं म्हणणं, आधी साहेबाचा हात मोडला, मग गुडघा. "मंग कौनसा हाथ, बोल," असं मला दरडावून विचारायचा, जसा काही मीच मोडला होता. शेवटी साहेबालाच विचारलं. त्यानं पाटलोण वर करून गुडघ्यावरचा व्रण दाखवला, मग दोन्ही हात पंखासारखे पसरले आणि लंगडत थोडा पळाला. त्यानं कुणाचंच समाधान झालं नाही. भांडण होतं तिथंच राहिलं.

माझा घोळ याहून मोठा. मी धनगराचा, वाटूरकडं आमची मेंढरं. पळण्यात मी कुणाला ऐकत नव्हतो. चेंडू घेऊन डावीकडनं सुटलो की साहेब ओरडायचा, "कम! कम!" माझं शिक्षण सरकारी उर्दू शाळेतलं, थोडंच का होईना. कम म्हणजे कमी, हे मला कुणी सांगायला पाहिजे का? मी वेग कमी करायचो. तो आणखी जोरात ओरडायचा, मी आणखी कमी. शेवटी चेंडूवर पाय ठेवून मी उभाच राहायचो, आणि मला अडवायला जीव तोडून आलेला गडी तसाच पुढं जाऊन सरकीत पडायचा. सुरुवातीला साहेब डोक्याला हात लावून बसे. पुढंपुढं मात्र तो हसायला लागला, मिठी मारून पाठीत धपाटे घालायला लागला. मला वाटलं, पोरगं हुकूम बरोबर पाळतं म्हणून खूश आहे.

मग तिकडं विलायतेत लढाई सुरू झाली. त्याच सुमारास स्टेशनवरून निरोप आला. रेल्वेचा एक बडा साहेब आमचा औरंगाबादवाल्यांशी होणारा खेळ बघायला येणार होता. त्यांच्या सिकंदराबादच्या टीमला लेफ्ट आऊट हवा होता. पसंत पडेल त्याला कायमची नोकरी. पण निरोपाला शेपूट होतं: जर्मनाशी ज्याचं उठणं-बसणं, त्याला रेल्वेत जागा नाही.

ही बातमी गावाकडं पोचली तसा बाप मला भेटायला आला. "रेल्वेत लागलास तर लाग बाबा," तो म्हणाला, "न्हाईतर दिवाळी झाली की मेंढरामागं ये. मी आता थकून राह्यलो." त्याचं काही चुकत नव्हतं. पण मला परत जायचं नव्हतं. ती नोकरी मला इतकी हवी होती की घास गिळवत नव्हता.

खेळाच्या आदल्या दिवशी सकाळी मी टांगेवाल्याला म्हणालो, "उद्या साहेबानं कम म्हणू नये म्हणजे मिळवलं. रेल्वेवाल्याला मी आळशी वाटायचो."

त्यानं लगाम सोडून कपाळ बडवून घेतलं. "अबे, वो कमती नै बोलरा. आ बोलरा, आ! गोरे लोगां ऐसाच बोलते. मैं स्टेशन पे रोज सुनता."

म्हणजे इतके दिवस साहेब 'ये' म्हणत होता आणि मी थांबत होतो? मग मिठ्या कशाबद्दल मारत होता? माझं डोकंच चालेना. हसावं की भिंतीवर कपाळ आपटावं, ते कळेना.

खेळाच्या दिवशी पोलीस ठाण्याचे अमीनसाहेब शिपाई घेऊन मैदानावर हजर. जर्मन साहेबाला धरून न्यायचा हुकूम होता. अमीनसाहेबांना खेळाचा शौक, म्हणून त्यांनी खेळ संपेपर्यंत त्याला बसू दिलं. शिपायांच्या मधे बाकावर तो कोट घालून बसला, पायाशी ट्रंक. पलीकडं खुर्चीवर रेल्वेचा साहेब. मी नेमकं कुणाकडं बघायचं होतं?

बराच वेळ माझा नुसता सावळागोंधळ चालला. जर्मन साहेब ओरडतच नव्हता. ओरडला असता तरी पळायचं की थांबायचं, हे माझं ठरलं नव्हतं. डोकं म्हणे पळ, पाय म्हणत थांब. शेवटी शेवटी चेंडू मिळाला, मी सुटलो, आणि बाकावरून आवाज आला, "कम!" पाय सवयीनं थांबले. औरंगाबादचा तो आडदांड गडी माझ्यासमोरून घसरत गेला. मी मोकळ्या वाटेनं आत शिरलो आणि गोल झाला.

खेळ संपल्यावर रेल्वेचा साहेब स्वतः उठून आला. "ये रुकना तुमको किसने सिखाया?"

काय सांगणार? शिकवलं कुणीच नव्हतं, आणि म्हटलं तर जर्मन साहेबानंच. मी तोंड उघडणार तोच बाकावरून तो बोलला, "मैंने नहीं सिखाया, साहब. यह लड़का मेरी बात कभी नहीं सुनता. मेरा इससे कोई ताल्लुक नहीं."

त्याच्या तोंडून इतकं स्वच्छ हिंदुस्तानी मी कधी ऐकलं नव्हतं. मला भयंकर राग आला. चारचौघांत त्यानं मला झटकून टाकलं होतं. "अहो साहेब..." म्हणून मी बाकाकडं पुढं झालो, तर टांगेवाल्यानं माझ्या पायावर टाच अशी रोवली की मी कळवळलो. तेवढ्यात शिपायांनी ट्रंक उचलली. जर्मन साहेब माझ्याकडं न बघता निघून गेला, आणि रेल्वेच्या साहेबानं मला नोकरीवर हजर व्हायला सांगितलं.

सिकंदराबादला निघालो तेव्हा टांगेवाल्यानंच मला स्टेशनवर सोडलं. वाटभर मी धुसफुसत होतो. "एवढं जीव लावून शिकवलं आणि म्हणे ताल्लुक न्हाई! मी काय वाईट केल्तं त्याचं?"

स्टेशन आलं तसं त्यानं घोडा थांबवला. "खेल के एक दिन पहले शाम को घर को आया था मेरे," तो म्हणाला. "रेल्वे की शर्त मैंच उसको बताया था. बोला, एक बात सिखा, बिलकुल साफ. 'ताल्लुक' उसकी जबान पे चढताच नै था. बार बार बोला, पसीना पसीना हो गया. मैं पूछा, इत्ती तकलीफ किसके वास्ते? तो बोला, लेफ्ट आऊट के वास्ते."

गाडी फलाटाला लागली होती. टांगेवाल्यानं माझी वळकटी उतरवली आणि मलाही हाताला धरून खाली घेतलं, कारण मला रडू आवरेना आणि पायरी दिसेना.