टर्बोचं दुसरं तोंड

परवा मरोळ नाक्यावर एका टेम्पोनं निळा धूर सोडला. जळक्या ऑइलचा तो वास नाकात गेला आणि मी चाळीस वर्षांपूर्वीच्या माझ्या गॅरेजात जाऊन उभा राहिलो.

वसंता माझा दोस्त, मालवणकडचा. त्याचा एकुलता एक ट्रक खडी भरली की चढावर रडायचा. भंगारात परदेशी ट्रकचे टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारे पंखे, मिळाले, तेव्हा तो म्हणाला होता, "एकच बसव, पुरे." मी हट्टानं दोन बसवले. जास्त हवा, जास्त ताकद, एवढंच माझ्या डोक्यात.

नारळ फोडून इंजिन सुरू केलं. आवाज झकास होता. मग तो आपोआप चढायला लागला. टर्बोच्या जुन्या सीलमधून ऑइल गळत होतं आणि इंजिन तेच पिऊन पळत होतं.

"बंद कर रे," मी ओरडलो.

"बंदच केलंय." इंजिन बंद करायची तार उपटून केबिनमध्ये बसलेल्या वसंताच्या हातात आली होती.

मी डिझेलचा पाइप सोडवला, तरी इंजिन थांबेना. हवा तोडायला एका टर्बोच्या तोंडात गोणपाट कोंबलं. दुसऱ्याचं तोंड खाली, चासीच्या आड. मीच बसवलेलं, आणि माझाच हात तिथे पोचेना. पत्रे थरथरत होते. मी नुसता बघत राहिलो. शेवटी आतून काहीतरी कडाडलं आणि सगळं शांत झालं.

वसंता उतरला. मला वाटलं, शिव्या घालील. तो माझ्यापाशी आला नि म्हणाला, "हात भाजलो काय रे तुझो?" आणि कितीतरी वेळ माझा हातच बघत बसला.

तेव्हा मला ते त्याचं मोठं मन वाटलं होतं. आता कळतं, ट्रककडे बघायची त्याची हिंमत होत नव्हती.