आमच्या विहिरीचं पाणी आणि जपानची पाहुणी

मी नववीत असताना विज्ञानाच्या बाईंनी आम्हाला गावातल्या विहिरींचं पाणी तपासायला लावलं. डिंगोऱ्याच्या आमच्या शाळेत तोवर प्रयोग म्हणजे शिक्षकांनी टेबलावर करायचा आणि आम्ही माना उंचावून बघायचा. बाईंनी पुण्याहून कागदी पट्ट्या आणल्या. पाण्यात खताचं नायट्रेट उतरलं असेल, तर पट्टी गुलाबी व्हायची. शाळा सुटली की आम्ही बाटल्या घेऊन मळ्यामळ्यांतून हिंडायचो.

सगळ्यांत गडद पट्टी निघाली ती आमच्याच विहिरीची. उकिरडा विहिरीला खेटून होता, आणि कांद्याला युरिया टाकताना वडिलांचा हात सैल असायचा.

संध्याकाळी ते धार काढत होते तेव्हा मी भीत भीत सांगितलं.

"माझ्या आज्यानं खांदलेली हीर हाय ती," ते मान वर न करता म्हणाले. "आमी जल्मभर तेच पानी प्यालो. गावात सांगत हिंडू नगंस."

दुसऱ्या दिवशी मी बाईंना विचारलं, "आमची विहीर वगळायची का?"

"तुमची वगळली, तर बाकीच्यांच्या कशाला तपासल्या?" बाई म्हणाल्या. पण रागावल्या नाहीत.

त्याच हिवाळ्यात जपानमधल्या एका शाळेची मुलं आठवडाभर आमच्या शाळेत आली. तीही आपल्या गावचं पाणी तपासत होती. त्यांतली माझ्या वयाची एक मुलगी आमच्या घरी राहिली. तिखटानं तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, तरी आई वाढेल ते ती संपवायची. आम्हा दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे लाज वाटायची नाही.

एकदा तिनं स्वतःच आमच्या विहिरीच्या पाण्यात पट्टी बुडवली. वडील शेजारीच उभे होते. पट्टी गुलाबी झाली आणि धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. ती वडिलांकडे बघून बोलू लागली, मी जमेल तसं मराठीत सांगत गेले. त्यांचे चहाचे मळे. तिचे आजोबा चहाला इतकं खत घालायचे, की खालच्या ओढ्यातले मासे मेले. तिनं पाणी तपासून घरी सांगितलं, तेव्हा आजोबांनी तिच्याशी बोलणंच टाकलं.

"मग? आता बोलत्यात का न्हाई?" वडिलांनी विचारलं.

"बोलतात. खतही कमी केलंय. चहा पहिल्यासारखाच येतो म्हणते."

वडील मोठ्यानं हसले. "म्हंजी मान्सं तिकडं बी आमच्यासारखीच हट्टी!"

पाहुणे जायच्या आदल्या दिवशी आमच्या तपासणीत काय निघालं ते ऐकायला शाळेत गाव जमला. माझी बोलायची पाळी आली आणि आमच्या विहिरीपाशी येऊन मी अडखळले. मागून वडील उठले.

"सांग की! आपलीच हीर हाय ती. उकिरडा मी हलवनार हाय, समद्यांनी आयका."

त्यांनी तो हलवला, युरियाही कमी केला. पाणी काही लगेच सुधारलं नाही. पट्टी फिकी व्हायला काही पावसाळे जावे लागले. तोवर आईनं प्यायचं पाणी शाळेजवळच्या हातपंपावरून डोक्यावर आणलं.

मी पुढे रसायनशास्त्र शिकले, ते बाईंमुळे आणि भर सभेत उठलेल्या वडिलांमुळे. हे मी नेहमीच सांगते. परवा आईला म्हटलं, तुझ्या हंड्यांमुळेही.

"आभार कसलं मानती?" ती म्हणाली. "पानी काय, आमी आनतोच. पर तवा कशापायी आनतोय, ते ठावं व्हतं."