काटकसरीतला राज्याभिषेक

हर्सूलच्या जेलच्या पुढं आमची कॉलनी आहे. पत्ता असाच सांगावा लागतो, आणि ऐकणारा आपल्याकडे जरा निरखून बघतो. महाराजांची जयंती आम्ही आधीपासून करायचो. पण शेजारच्या कॉलनीनं जूनमध्ये राज्याभिषेक दिनही केला, ढोलपथक आणलं, आणि आमच्या अध्यक्षांची झोप उडाली. पुढच्या वर्षी त्यांनी बैठकीत जाहीर केलं, "यंदा आपलाही राज्याभिषेक. पण काटकसरीत." टाळ्या पडल्या त्या दुसऱ्या वाक्याला.

काटकसर फक्त सामाईक खर्चात, बरं का. स्वतःच्या घरासाठी लोकांचा हात चांगलाच सैल होता. पैठणगेटच्या दुकानांत त्या दिवसांत महाराजांचं चित्र नसलेली वस्तू शोधावी लागते. अध्यक्षांच्या दिवाणखान्यात एक घड्याळ आहे, त्याचे काटे घोड्याच्या पोटातून फिरतात, आणि साडेसहाला घोड्याला पाचवा पाय फुटतो. सचिवांच्या मोटारीत मान डोलावणारा मावळा आहे. राजमुद्रेचा स्टिकर तर हेल्मेटवर आहे, पाण्याच्या टाकीवर आहे, कॉलनीत येणाऱ्या टँकरवरही आहे. आमच्याकडे बायकोनं जादूचा मग आणला. गरम चहा ओतला की त्यावर किल्ला उमटतो, आणि चहा निवला की किल्ला नाहीसा होतो. किल्ला टिकावा म्हणून मी जीभ भाजून घेतो, असं ती सगळ्यांना सांगते.

मला या सगळ्याचा संताप येतो. आमचं घराणं मेंढरांमागं फिरणारं. घरात महाराजांचं एकच चित्र होतं, जुन्या कॅलेंडरचं, कडा उंदरांनी खाल्लेलं. वडील मेंढरं घेऊन निघताना त्याला हात जोडायचे आणि मगच काठी उचलायचे. आता चित्रं इतकी झाली आहेत की हात जोडायला कुणाला सवड होत नाही.

तर तयारी सुरू झाली. सिंहासन लासूर स्टेशनच्या एका मंडपवाल्यानं फुकट दिलं, कारण त्याचा एक पाय मोडला होता. ती लग्नात नवरानवरी बसतात ती दोघांची लाल खुर्ची होती. पाठीला बदामाचा आकार, दोन्ही बाजूंना चोची जुळवलेले मोर. मोडक्या पायाखाली वीट लावली आणि बदामावर भगवं कापड ताणलं. मोर झाकायला कापड पुरलं नाही. छत्र म्हणजे एका काकूंची छत्री, तिला जरीची लेस चिकटवलेली. तोफांची सलामी एका पोराच्या बुलेटच्या सायलेन्सरनं द्यायची ठरली. अभिषेकाला सात नद्यांचं पाणी हवं होतं, म्हणून सात बाटल्या टँकरखाली भरल्या आणि त्यांवर नद्यांची नावं चिकटवली. टँकरचं पाणी जायकवाडीचं, त्यामुळे गोदावरीची बाटली तेवढी खरी होती.

अडलं ते आऊसाहेबांपाशी. भाड्याच्या दुकानात राजमातेचा पोशाख दागिन्यांसकटच मिळत होता आणि महाग होता. सचिवांनी बैठकीतच मोबाइल चाळून शोध लावला की राज्याभिषेकाच्या वेळी महाराजांचे वडील हयात नव्हते. म्हणजे आऊसाहेबांना कुंकू नाही, मंगळसूत्र नाही, नथ नाही. "दागिन्यांचा खर्चच मिटला की!" अध्यक्ष म्हणाले, आणि सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली.

कारण माझ्या घरी अक्का होती. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, खुलताबादजवळच्या वाडीत दिलेली. मूलबाळ नाही. दाजी गेले तेव्हापासून ती आमच्याकडेच राहते. हळदीकुंकवाला बायका आल्या की ती आपणहून मागच्या खोलीत जाते आणि मटकी निवडत बसते. तिला जा असं कुणी म्हणत नाही आणि थांब असंही कुणी म्हणत नाही. तिच्याकडे साधी नऊवारी होती, कपाळ मोकळं होतं, आणि भाडं द्यायचं नव्हतं.

मी तणतणत घरी आलो. म्हटलं, ही माणसं तुझं विधवापण फुकटात वापरायला निघाली आहेत, मी साफ नाही म्हणून येतो. अक्का ऐकत होती आणि तिचा चेहरा मात्र उजळत चालला होता.

"मला म्हनले? आऊसायेब?" ती म्हणाली. "लई मोठं काम हाय रे ते. नाय कशाला म्हनतोस?"

सचिवांनी संहिता शेजारच्या कॉलनीकडून मोबाइलवर मागवून घेतली होती, म्हणजे लेखकाचं मानधन वाचलं. माझी मुलगी ती अक्काला वाचून दाखवायची. त्यात एका ठिकाणी होतं: आऊसाहेब पुढे येतात व महाराजांना औक्षण करतात. अक्कानं ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग रोज संध्याकाळी ती स्वयंपाकघरात ताट घेऊन गॅसवरच्या कुकरला ओवाळायला लागली. शिट्टी झाली की लाजायची. "त्ये गेल्यापासून कुनाला ओवाळलं नाय," ती माझ्या बायकोला म्हणाली. "हात इसरलाय का बघते." इतकी खुशीत मी तिला कित्येक दिवसांत पाहिली नव्हती.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी अध्यक्षीणबाई आमच्याकडे आल्या. महाराज होणार होता त्यांचा नातू, पहिलीतला. त्यांनी चहा घेतला, मगावरच्या किल्ल्याचं कौतुक केलं आणि हळूच म्हणाल्या, "नातू बसणार आहे हो आमचा गादीवर. माझं काही नाही, पण लोक काय म्हणतील? ओवाळायला आपण पाच सुवासिनी घेऊ. अक्कांनी आपला लांबून आशीर्वाद द्यावा. शोभूनही दिसेल." पाचांत माझ्या बायकोचं नाव त्यांनी परस्पर घातलंच होतं.

मी तोंड उघडणार तोच आतून अक्काचा आवाज आला. "व्हय, बराबर हाय. लेकराचं काम हाय, उगं कशाला." त्या संध्याकाळी तिनं ताट फळीवर ठेवून दिलं, आणि जेवायला आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

दुसऱ्या दिवशी मंडप भरला. पहिल्या रांगेत शेजारच्या कॉलनीची माणसं मुद्दाम बसवली होती. बुलेटची सलामी झाली आणि त्यात दोन तान्ही मुलं रडायला लागली. महाराज खुर्चीत चढून बसले. दाढी गोंदानं चिकटवलेली, ती खाजवून खाजवून एका कानाला लोंबत होती. सातही नद्या एकाच तांब्यात रिकाम्या झाल्या. अक्का एका बाजूला उभी होती, पदर डोक्यावरून, हात आशीर्वादाला उचललेला. खरं सांगतो, त्या सगळ्या जिलेटिनच्या चमचमाटात खरं दिसणारं माणूस तेवढं एकच होतं.

आणि सचिवांनी माइकवर वाचलं, "आता राजमाता आऊसाहेब स्वहस्ते महाराजांना औक्षण करतील!"

बेत बदललेला सगळ्यांना माहीत होता, पण संहितेत बदल करायला कुणी बसलंच नव्हतं. सचिव खड्या आवाजात जे समोर आलं ते वाचत गेले. पाहुण्यांनी टाळ्या सुरू केल्या. ताट माझ्या बायकोच्या हातात होतं. अध्यक्षीणबाई खालून मान हलवून नको नको म्हणत होत्या, आणि पाहुण्यांच्या देखत मोठ्यानं काही बोलता येत नव्हतं. बायकोनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग सरळ चालत अक्काकडे गेली.

"घ्या अक्का," ती म्हणाली. "नाव तुमचं पुकारलंय."

अक्का कुंकवाच्या वाटीपाशी थांबली. टाळ्याही थांबल्या. मग तिनं बोट बुडवलं, पोराच्या कपाळाला लावलं, आणि सावकाश ओवाळलं. पोरानं दाढी सावरत तिच्या पाया पडायला खुर्चीतून उडी मारली, वीट सरकली, सिंहासन कललं, आणि मंडप टाळ्यांनी दणाणला.

टाळ्या विरायच्या आत अध्यक्षीणबाई स्टेजवर होत्या. सचिवांच्या हातातून माइक घेऊन त्या म्हणाल्या, "आता पाच सुवासिनी विधिवत औक्षण करतील." त्यांनी आधी पदरानं नातवाचं कपाळ पुसलं. घामानं ओघळलंय, असं शेजारच्या बाईला सांगितलं. चौघी वर गेल्या. माझी बायको जागेवर बसून राहिली. महाराजांना दुसऱ्यांदा कुंकू लागलं, आणि सगळं शास्त्राप्रमाणे झालं.

कार्यक्रम संपल्यावर मी पडद्यामागं गेलो. अक्का पदराच्या टाचण्या काढत होती. मी सुटलोच. म्हटलं, त्या माउलीला कपाबशीवर छापतात, किल्लीला लटकवतात, आणि ती समोर उभी राहिली तर तिच्या हातचं कुंकू पुसतात. लबाड माणसं, दांभिक माणसं, उद्याच कॉलनीच्या समितीचा राजीनामा देतो.

अक्कानं सगळं ऐकून घेतलं.

"त्यांचं जाऊ दे," ती म्हणाली. "दिवाळीनंतर आपल्या पोरीचं लगीन हाय. तिथं मला माइकवरून कोन पुकारनार?"

सोयरीक जमली होती ती जुन्या वळणाच्या घरात. वरमाय सोवळंओवळं पाळणारी. माझ्या मनात पहिलं वाक्य आलं ते हे की पाहुणे काय म्हणतील. तोंडातून निघालं नाही एवढंच. पण अक्का माझ्याकडे बघत होती, आणि तिनं ते ऐकलं होतं.

"मी पुकारीन," मी म्हणालो. "पोरीला पहिलं तूच ओवाळशील."

"बघू," अक्का म्हणाली, आणि पुढची टाचणी काढायला लागली.