अविवाहित असल्याचा दाखला

जर्मनीला जायला भांडुपहून निघाले त्या सकाळी आत्या रडली नाही. तिने माझ्या हातात फाइल दिली. जन्मदाखला, नर्सिंगची प्रमाणपत्रं, जर्मन भाषेच्या परीक्षेचा निकाल, सगळ्याच्या तीन-तीन प्रती आणि प्रत्येक प्रतीवर शिक्का. ‘‘कागद हातातल्या बॅगेत ठेव. कपडे हरवले तर नवे घेता येतत,’’ एवढंच म्हणाली. टॅक्सीपर्यंत अर्धी चाळ आली, ती नाही आली. पावणेदहाला तिला कचेरीत हजर व्हायचं होतं.

शालिनीआत्या माझ्या वडिलांची मोठी बहीण. मी नऊ वर्षांची होईपर्यंत आई-वडील दोघेही गेले होते. आत्याने लग्न केलं नाही, मला वाढवलं. उपनगरातल्या एका तहसील कचेरीत ती कारकून होती, पुढे अव्वल कारकून झाली. रहिवासी, उत्पन्न, जात, सगळे दाखले तिच्या टेबलावरून पुढे सरकायचे. देवाचं तिचं कडक होतं. पूजा झाल्याशिवाय चहासुद्धा नाही.

कॉलेजात असताना एकदा तिचा विसरलेला डबा द्यायला कचेरीत गेले होते. एका नव्या कारकुनाने एका हिंदू मुलीचा आणि ख्रिश्चन मुलाचा लग्नासाठी लागणारा रहिवासी दाखला मुद्दाम अडवून धरला होता. आत्याने उठून त्याच्या हातातली फाइल घेतली. ‘‘तुझो देव तुझ्या घरात ठेव. हय फक्त अर्ज येतत. पुढे पाठव,’’ ती सगळ्यांसमोर म्हणाली. हा किस्सा मी हॅम्बुर्गच्या हॉस्पिटलात नर्सेसच्या खोलीत किती वेळा सांगितला असेन! मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये, पण मालवणी वाक्य तसंच ठेवून.

कात्रिन त्याच हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. पहिल्या हिवाळ्यात तिने मला सायकल चालवायला शिकवलं, तिसऱ्या हिवाळ्यात आम्ही एकत्र राहायला लागलो. सुट्टीवर भांडुपला आले तेव्हा आत्याला सांगून टाकलं. आम्ही दोघी कोलंबी सोलत होतो. तिचे हात थांबले. मग तिने विचारलं, ‘‘ती मासे खाता?’’

‘‘खाते. आवडीने.’’

‘‘मगे काय हरकत नाय,’’ म्हणाली आणि पुढची कोलंबी उचलली.

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. एवढं सोपं असेल असं वाटलंच नव्हतं यार.

लग्न ठरलं तेव्हा तिथल्या श्टांडेसआम्टने, म्हणजे विवाह नोंदणी कार्यालयाने, माझा अविवाहित असल्याचा दाखला मागितला. तो मिळणार कुठून? आत्याच्याच कचेरीतून. मी फोन केला. ‘‘कारणाच्या रकान्यात काय लिहू?’’

‘‘खरा ता लिही. सरकारी कागदार खोटा लिहूचा नाय.’’

मी लिहिलं : जर्मनीत एका स्त्रीशी कायदेशीर विवाह करण्यासाठी. खाली कात्रिनचं पूर्ण नाव. अर्ज, प्रतिज्ञापत्र, सगळं कुरिअरने आत्याच्या नावावर पाठवलं.

मग दर रविवारी फोनवर एकेक कारण. साहेब रजेवर आहेत. साहेबांची बदली झाली. सगळ्यांना इलेक्शन ड्युटी लागली. आणि त्याच दमात, ‘‘जेवलीस काय?’’ आम्ही लग्नाची तारीख दोनदा पुढे ढकलली. ‘‘कचेरी तुझ्या आत्याचीच आहे ना?’’ असं कात्रिनने एकदा हळूच विचारलं, तर मी तिच्यावर भडकले. आमच्याकडचं काम तुला काय कळणार, असं म्हणाले. ते आठवलं की अजून लाज वाटते.

शेवटी न सांगता विमानात बसले आणि बॅग घेऊन थेट कचेरीत गेले. आत्याची खुर्ची रिकामी होती, ती वरच्या मजल्यावर साहेबांकडे गेली होती. शेजारच्या टेबलावर शेखभाऊ. ते गोवंडीचे, मला लहानपणापासून ओळखतात. त्यांनी आवक रजिस्टर उघडलं, तीन महिन्यांची पानं बोट फिरवत पाहिली. ‘‘तुझं नावच नाही इथे, बेटा. अर्ज आलाच नाही.’’

तेवढ्यात आत्या जिन्यावरून खाली आली. तिने मला पाहिलं. खुर्चीत बसली, खालचा खण उघडला आणि माझं पाकीट टेबलावर ठेवलं. फोडलेलं होतं. आवक क्रमांक नव्हता, शिक्का नव्हता.

‘‘तू हो म्हणाली होतीस,’’ मी म्हटलं.

‘‘घरात म्हटलंय. घरात तू कशीव ऱ्हव, मी काय बोललंय? पण लग्न म्हणजे संस्कार, गो. सकाळी ह्याच हातान देवाक फुला घालतंय. त्याच हातान ह्या पुढे पाठवू? माका भय वाटता.’’

‘‘मग तसं सांगायचंस ना! मी दुसऱ्या कोणाकडे दिला असता.’’

तिने पाकिटाची फाटलेली कड बोटाने सरळ केली. ‘‘माका वाटला, उशीर झालो तर तुझ्या मनातसून जायत.’’

माझ्या कानात फक्त ते रविवारचे फोन घुमत होते. तिने नाही म्हटलं असतं तर मी भांडले असते, रडले असते, महिनाभर बोलले नसते. पण ती वाट बघत बसली होती, माझा संसार सुरू व्हायच्या आधी शिळा होण्याची. आणि मधल्या मधे माझ्या जेवणाची चौकशी करत होती.

शेखभाऊंनी हात पुढे केला. ‘‘शालूताई, द्या इकडे.’’ चष्मा लावून त्यांनी अर्ज सावकाश वाचला. ‘‘खरं सांगू बेटा? पटत तर मलाही नाही. आमच्या मजहबातही हे बसत नाही. पण दाखल्यात विचारलंय काय? पोरीचं लग्न झालंय का नाही. नाही झालं. तेवढंच लिहायचंय ना?’’ त्यांनी रजिस्टरमध्ये नोंद केली, क्रमांक घातला. तिसऱ्या दिवशी दाखला मिळाला. मुबारक वगैरे ते म्हणाले नाहीत. मीही अपेक्षा केली नव्हती. माझ्याशी ते खरं बोलले, एवढ्यानेच मला हुंदका आला.

लग्न झालं. तिथल्या अधिकारी बाईंनी माझं आडनाव तीनदा चुकवलं. तिसऱ्यांदा आम्ही दोघी फिस्सकन हसलो आणि त्याही हसल्या.

गेल्या वर्षी कात्रिनला घेऊन मुंबईत आले तेव्हा मुलुंडच्या हॉटेलात उतरले. भांडुपपासून हाकेच्या अंतरावर, आणि भाड्याची खोली! फोनवर आत्याला तसं सांगितलं. ती आता रिटायर झाली आहे. दुपारी सुरमईच्या कालवणाचा डबा घेऊन स्वतःच आली. आम्ही दोघी तिला घ्यायला खाली उतरलो तेव्हा काउंटरवरची मुलगी तिच्यापुढे वही सरकवत होती. कोणाला भेटायचंय ते लिहा.

आत्याने कात्रिनकडे पाहिलं, हसली, तिच्या गालावरून हात फिरवला. मग आपल्या सुरेख कारकुनी अक्षरात तिने माझं नाव लिहिलं. फक्त माझं. कात्रिन बाजूलाच उभी होती. आत्याने पेनाला टोपण लावलं.

डबा आम्ही तिघींनी मिळून संपवला. कालवण झकास झालं होतं. कात्रिनने काटासुद्धा चोखला. निघताना आत्या म्हणाली, ‘‘पुढच्या वेळेक घराक ये.’’ ‘ये’ म्हणाली. ‘या’ नाही म्हणाली.

माझ्यासारख्या देश सोडून गेलेल्यांना नि मागे राहिलेल्यांना एवढंच सांगते. तिच्या हातचं जेवायला मी अजून जाईन. राहायला नाही. कोणी गाव विचारलं तर भांडुपच सांगते, घर विचारलं तर हॅम्बुर्गचा पत्ता. तिथे दारावर दोघींची नावं आहेत.