पगाराच्या मशीनचा कीबोर्ड

त्या शनिवारी दुपारी इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीच्या अकाउंट्स खात्यात माझ्यासमोर एक कीबोर्ड पडला होता. त्याची अर्धीअधिक बटणं कितीही दाबली तरी पडद्यावर अक्षर उमटत नव्हतं. सकाळी मी आलो तेव्हा ती सगळी चालत होती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. निपाणीहून बेंगळुरूला येऊन मी दुसऱ्याच्या दुकानात झाडू मारण्यापासून सुरुवात केली आणि शेवटी एसपी रोडच्या एका गल्लीत स्वतःचं शटर उघडलं. कॉम्प्युटर दुरुस्ती. शिक्षण बेताचं, तोंड तिखट. भाव करण्यात मला कोणी हरवलं नव्हतं. पण किरकोळ गिऱ्हाइकांवर शटरचं भाडं निघत नव्हतं. ह्या कंपनीचं वर्षभराच्या देखभालीचं काम मिळालं तर दुकान टिकणार होतं. नाही तर परत निपाणीला, थोरल्या भावाच्या तंबाखूच्या वखारीत. निघताना तो म्हणालाच होता, "येशील परत."

काम द्यायचं की नाही हे एका पुणेरी साहेबाच्या हातात होतं. पहिल्या भेटीत माझं आडनाव ऐकून तो खुर्चीत पुढे सरकला. "अरे वा, मराठी! मग काय, घरचंच काम." ज्याला भाव पाडायचा असतो तो आधी नातं जोडतो. मी स्वतः तेच करतो, म्हणून ओळखतो.

"आधी नमुना दाखवा," तो म्हणाला. "सगळे कीबोर्ड स्वच्छ करून द्या. त्याचे वेगळे पैसे कसले, आपल्याआपल्यात?"

"वरवर पुसून नाही साहेब, एकेक बटण काढून धुतो. सगळीकडं तसंच करालोय."

"करालोय!" तो मागे रेलून हसला. "काय गोड बोलता हो तुम्ही बॉर्डरवरचे."

राग आला. गिळला.

साध्या कीबोर्डांचं काही अवघड नव्हतं. पेपर क्लिप सरळ करून तिची टोकं वाकवायची, बटणाच्या दोन बाजूंना खालून अडकवायची आणि सरळ वर ओढायचं. स्क्रूड्रायव्हरनं उचकटलं की बटण तिरकं निघतं आणि खालचा दांडा मोडतो. निघालेली बटणं कोमट साबणपाण्यात, मग सावलीत फडक्यावर. उन्हात ती वाकतात. परत बसवताना वरून दाबलं की झालं.

शेवटी राहिला पगाराच्या मशीनचा. जुनं परदेशी टर्मिनल. कीबोर्ड पाट्यासारखा जड, बटण दाबलं की टाइपरायटरसारखा खट् वाजणारा. सगळ्या कंपनीचे पगार त्याच मशीनवर निघत आणि त्याला दुसरा कुठला कीबोर्ड चालत नव्हता. त्याच्या प्रत्येक बटणाखाली एक बारीक स्प्रिंग उभी होती. असला प्रकार मी आजवर उघडला नव्हता. पण आता हे कोणाला सांगणार?

बटणं निघाली झकास. धुतली, वाळवली, कीबोर्ड टेबलावर आडवा ठेवून एकेक बसवलं. खट् आवाज येईना. बोट भातात घालावं तशी काही बटणं मऊ आत जायची, काही नुसतीच डोलायची. काढून पुन्हा बसवली, तर जी चालत होती त्यांतलीही दोन गेली.

पगाराचं काम बघणारी अक्का धारवाडकडची. साहेबाला माझं नाव तिनंच सुचवलं होतं. शेजारी डबा उघडून बसली होती, खात नव्हती.

"अण्णा, सोमवारी पगार काढायचाय की."

"निघंल."

"निघंल म्हंजे? ह्यात 'ए' नाही, 'एस' नाही. माणसांची नावं मशीनला मी तोंडानं सांगू काय?"

"अक्का, स्वल्प गप्प बस."

"बसते. सोमवारी सगळी कंपनी माझ्या टेबलासमोर येऊन उभारंल, तेव्हा तू बस गप्प."

एसपी रोडवरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला फोन लावला. मशीनचं वर्णन ऐकून तो म्हणाला, "भंगारवाल्याला विचार," आणि ठेवून दिला. तेवढ्यात साहेब आला. दोन-चार बटणं दाबून पाहिली. सकाळपर्यंत मी घरचा होतो. आता तो इंग्रजीत बोलला.

"हू टोल्ड यू टू ओपन धिस?"

"साहेब, तुम्हीच म्हणालात, सगळे..."

"आय सेड क्लीन."

मी मराठीत सांगत होतो, तो इंग्रजीत विचारत होता. अक्कासमोर, शिपायासमोर. ऑफिस बंद होईपर्यंत वेळ दिला आणि निघून गेला. नंतर माझं काय करणार हे त्यानं सांगितलं नाही, मलाही विचारायचं धाडस झालं नाही.

तो गेला आणि माझं डोकं फिरलं. एक शिवी हासडली, कीबोर्ड उचलला आणि आपटायच्या बेतानं टेबलावर उभा केला.

"अय्यो अण्णा, नको!" अक्का ओरडली.

आपटला नाही. पण राग कुठेतरी निघायला हवा होता. हातात एक बटण होतं, ते त्या उभ्या कीबोर्डात अंगठ्यानं रागानं दाबलं.

खट्.

दुसरं दाबलं. खट्. मग लक्षात आलं. आडव्या कीबोर्डात स्प्रिंग बटणाच्या पोटात नीट न शिरता एका बाजूला मुडपत होती. स्पेसबारची कड वर करून उभा धरला की ती भोकाच्या मधोमध येत होती. अक्कानं दोन्ही हातांनी कीबोर्ड धरला, मी बसवत गेलो आणि आवाज ऐकत गेलो. आवाज आला नाही की बटण बाहेर, पुन्हा आत. स्पेसबारखाली तारेची लांब कडी होती. ती आधी खोबणीत घातली, मग दाबलं. जुनं प्लास्टिक करकरलं. पण बसलं.

साहेबानं येऊन स्वतःचं नाव टाइप केलं, खोडलं. "छान," तो म्हणाला. पुन्हा मराठी. "मग आता वर्षाचं बोलू. आजचा प्रकार बघता, तुमच्या आकड्याच्या निम्म्यात करा. आपल्या माणसाला मी बाहेर कसं घालवू?"

एरवी मी उठून दारापर्यंत गेलो असतो. घासाघिशीतला तो जुना डाव आहे, समोरचा हाक मारतोच. पण ह्यानं मारली नसती तर? वखारीतल्या तंबाखूचा वास नाकात आला. अक्का माझ्याकडे बघत होती, बोल म्हणून.

"तुम्ही म्हणाल तसं, साहेब," मी म्हणालो.

दुकान टिकलं. ते काम मी निम्म्या भावात वर्षभर केलं आणि त्या माणसाला आजही माफ केलेलं नाही. त्या संध्याकाळी परतीच्या बसमध्ये कंडक्टरकडे सुट्टे नव्हते. उरलेले पैसे उतरताना घ्यायचे म्हणून त्यानं नेहमीच्या रिवाजाप्रमाणे तिकिटामागे लिहून दिले. मी त्याच्यावर असा ओरडलो की ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली. त्या कंडक्टरची काहीही चूक नव्हती.